मेस्तांची खाच

आमच्या मेस्तांना कशाकशाची भीती वाटायची ते सांगायला बसले तर संध्याकाळ होईल. त्यापेक्षा कशाची वाटायची नाही ते सांगते. सापाची वाटायची नाही. संपली यादी.

पंख्याखाली ते कधी बसले नाहीत, कारण छतातला हूक कोणी बसवलाय ते ठाऊक नाही. बसमध्ये जागा रिकामी असली तरी मागच्या दाराला धरून उभे. फेरीबोटीत चढले की आधी बुडणाऱ्यासाठी कडेला टांगलेली रबरी कडी मोजायची, मग माणसं मोजायची, आणि माणसं जास्त भरली की उतरून पुढच्या फेरीची वाट बघायची. माणसं जास्त भरायचीच. मग काय, मेस्त धक्क्यावर उभे. कारखान्यात त्यांची एक कदेल होती, स्वतः केलेली लाकडी खुर्ची, तिच्यावरच बसत. शेटच्या केबिनमधल्या गुबगुबीत खुर्चीला त्यांनी शेवटपर्यंत पाठ लावली नाही. सापाचं विचारलं तर म्हणत, "तो मनशान केल्लो न्हय." माणसानं केलेली नाही अशी वस्तू तेवढी भरवशाची, बाकी सगळ्याची धास्ती.

हसायचो आम्ही. मी तर तोंडावर हसायची. तेवीस वर्षांची होते, नकाशे काढायचा डिप्लोमा होता आणि जीभ तिखट होती. गोव्यात डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत तो कारखाना. प्लास्टिकच्या मुठी करायचे, बॅगांच्या, बादल्यांच्या, कुकरच्या. मी हळर्णहून दोन बस बदलून यायची. बाबांनी "सहा महिने बघूया" म्हणून अर्ध्या मनानं पाठवलं होतं, आणि मावशी तर स्थळं घेऊन पडवीत बसलेलीच. नोकरी गेली की लग्न, असा आमच्याकडे सरळ मामला होता. त्यामुळे भीती मलाही होती, पण ती मी कोणाला दाखवत नसे.

मेस्त साचे करत. इब्रामपूरच्या सुतारांच्या घरातले. आधी लाकडाचा नमुना, मग त्यावरून पोलादाचा साचा. सुतार म्हणू नका, गवंडी म्हणू नका, हातात कसब असलेल्या कोणाही माणसाला आमच्याकडे मेस्तच म्हणतात, म्हणून त्यांच्या नावाचं कधी कोणाला काम पडलं नाही. हजेरीच्या वहीत ते अंगठा उठवत. निरक्षर होते म्हणून नव्हे हं! सकाळचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचायचे. पण सही करायची नाही म्हणजे नाही. माझ्या नकाशांच्या खालच्या कोपऱ्यात 'तपासणार' असा एक चौकोन असे. मेस्तांनी तपासलेल्या नकाशांवर तो रिकामाच राही, आणि शेटचा मेव्हणा मागाहून येऊन त्यात आपली सही ठोकून जाई.

पहिल्याच आठवड्यात मी बादलीच्या मुठीचा नकाशा त्यांच्यापुढं ठेवला. चष्मा कपाळावर सारून त्यांनी तो इकडून बघितला, तिकडून बघितला.

"मोडतलें," म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "नाही मोडणार मेस्त, मी चांगली जाड धरलीय."

"सगळें मोडता, बाय. खंय मोडतलें तें सांग."

कुठं मोडेल ते सांग! तीन वर्षं शिकले, पण हा प्रश्न मला एकाही मास्तरानं विचारला नव्हता. मेस्त मात्र तो रोज विचारत. छत्री घेतली की विचारत, नवी चप्पल घेतली की विचारत. एकदा माझ्या डब्यातला उंडा, म्हणजे गोल पाव, हातात घेऊन त्यांनी अंगठ्यानं आधी रेघ ओढली आणि मग तो बरोबर त्या रेघेवर मोडून दाखवला. "असो. आपणें सांगलां थंय मोडूंक जाय," आपण सांगू तिथंच मोडायला हवं, म्हणाले आणि अर्धा उंडा खाऊनही टाकला.

मग ते बर्फाचं काम आलं.

हरमलच्या किनाऱ्यावर दर हिवाळ्यात येऊन राहणारा एक गोरा व्यापारी शेटना कुठं तरी भेटला होता. त्याच्या देशात लोक पायांना लांब लांब फळ्या बांधून बर्फावरून घसरत जातात. दोन फळ्या, आणि टेकायला दोन काठ्या, काठ्यांच्या टोकांना टोकदार लोखंडी अण्या. हा सगळा पसारा गाडीपासून डोंगरापर्यंत एका हातात धरून नेता यावा, अशी मूठ त्याला हवी होती. पत्रात एक अट घातली होती. मुठीला मनगटात अडकवायचा पट्टा हवा, वजनानं आवळत जाणारा, कारण जाड हातमोज्यांतून मूठ निसटते.

आमच्या कारखान्यात बर्फ कोणी बघितला होता? बघितला होता तो मासळीबाजारात बांगड्यांवर घातलेला. मेस्तांनी फोटोवरून किंदळाच्या दोन फळ्या तासल्या, त्यांच्या पोटाला लोखंडी पट्ट्या ठोकून वजन मुद्दाम दुप्पट केलं, लोहाराकडून काठ्यांना अण्या बसवून आणल्या आणि सगळं एकत्र बांधून जमिनीवर ठेवलं. प्रेसवरचा गडहिंग्लजचा गडी चहा प्यायला म्हणून वळला आणि जागच्या जागी थांबला.

"आवं मेस्त, ही तिरडी हाय की ओ!"

दोन लांब फळ्या, दोन काठ्या, मध्ये सुतळी. खरंच की! एकदा तसं दिसल्यावर दुसरं काही दिसेना. प्रेसवरची सगळी मंडळी कोल्हापूर-बेळगावकडची, त्यांनी सरळ सांगितलं, आम्ही हात लावणार नाही. शेट ओरडले, उपयोग झाला नाही. आणि मेस्तांचं तोंड तर पिठासारखं पांढरं. कामगारांना समजवायचं सोडून तेच चार पावलं मागं सरले.

दुसऱ्या दिवशी ते नारळ, विडा घेऊन, अंगात धुतलेला सदरा घालून आले. प्रेस बंद करायला लावले आणि त्या फळ्यांसमोर उभं राहून त्यांनी चक्क गाऱ्हाणं घातलं, गावच्या देवळात घालतात तसं. "बा देवा म्हाराजा, आज ह्या बर्फाच्या कामाक हात घातला. हें ज्या कोणाच्या हातांत जातलें, तो खंयच्याय मुलखाचो आसूं, तेचो हात तुज्या पदरांत घातला. तेका राख, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही पेडणे तालुक्यातल्या गावांचे चौघे-पाचजण म्हणालो. कोल्हापूरवाल्यांना हा प्रकार नवा, तरी एकदोघं मागून म्हणाले, व्हय म्हाराजा. मी तोंडाला पदर लावून हसत होते. पण काम सुरू झालं.

मूठ तयार झाल्यावर मेस्त म्हणाले, थंडीत बघायला हवी. डिचोलीत थंडी कुठली आणायची? म्हणून आम्ही मासळीच्या बर्फाच्या कारखान्यात गेलो, मी वही घेऊन आणि मेस्त मफलर गुंडाळून. आत अमोनियाचा वास, पायाखाली पाणी, आणि मागं ते जाड दार. दार आतून उघडतं की नाही हे मेस्तांनी तीनदा उघडून बघितलं, आणि तरी एक फळकुट त्यात अडकवून ठेवलं. बर्फाच्या लाद्यांमध्ये मूठ दोन तास पुरली, बाहेर काढली, तिला फळ्या अडकवल्या आणि आढ्याला टांगून झटका दिला. काही झालं नाही. वजन वाढवलं. तरी नाही. मला आनंद झाला. मेस्तांनी मात्र फळ्या आढ्यावरून खाली घेतल्या.

"मोडना गो, बाय," म्हणाले. "हें मोडनाच."

"मग चांगलंच आहे ना?"

त्यांनी पट्टा माझ्या मनगटात घातला आणि फळ्या खाली सोडल्या. बाप रे! पट्टा असा आवळला की मी किंचाळले. हात सोडवता येईना, मूठ मोडेना. वजन मला गुडघ्यावर घेऊन आलं. मेस्तांनी झटकन फळ्या उचलल्या. म्हणाले, डोंगरावर मनुष्य पडला आणि फळ्या खाली दरीत गेल्या, तर ही मूठ त्याला सोडणार नाही. बरोबर घेऊन जाईल.

परतताना बस येईपर्यंत आम्ही रस्त्याच्या कडेला उभे होतो, तिथं त्यांनी मला एक जुनी गोष्ट सांगितली. ते वीस वर्षांचे असताना गावच्या ओहोळावर साकव घातला होता, कठड्यासकट, सगळा त्यांच्या हातचा. पंचायतीच्या कागदावर 'काम बरोबर आहे' म्हणून सहीही त्यांनीच केली, पहिली आणि ऐटीत. तिसऱ्या दिवशी त्यांचे वडील त्या कठड्याला टेकून विडी पेटवत होते. कठडा गेला. वडील मेले नाहीत. बारा वर्षं खाटेवर होते, आणि त्या बारा वर्षांत एकदाही मुलाला एका शब्दानं बोलले नाहीत. "बोलले आसते जाल्यार बरें जाल्लें," मेस्त म्हणाले. मी त्या दिवशी हसले नाही.

आठ दिवसांत त्यांनी साच्यात बदल केला. मुठीचा दांडा आणि फळ्या धरणारा आकडा यांच्या मधल्या मानेवर एक बारीक खाच. रोजच्या वजनाला काही व्हायचं नाही, पण अंगावर झटका आला की मूठ बरोबर तिथंच मोडायची. फळ्या जाणार, हात राहणार. ती खाच माझ्या नकाशात त्यांनी बोट धरून काढून घेतली, आणि पहिल्यांदाच कागद परत देताना ते "मोडतलें" म्हणाले तेव्हा त्यांच्या तोंडावर थोडं हसू होतं.

शेटनी नकाशा बघितला मात्र, मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं.

"ही कसली खाच? आपणच गिऱ्हाइकाला सांगायचं की आमची मूठ मोडते म्हणून? मेस्ताला पिसं लागलंय, तुला पण लागलं काय? काढून टाक ती. मेस्ताला सांगू नको. जमत नसलं तर सांग, हळर्णला मुली काय कमी आहेत?"

मी काय करणार होते? खरं सांगायचं तर काही तरी करता आलं असतं. मी केलं नाही. डोळ्यांपुढं पडवीतली मावशी दिसली. ब्लेड घेतलं आणि ट्रेसिंग पेपरवरची शाई हलक्या हातानं खरवडून काढली. खाच गेली, मान सरळ झाली. मेस्त गावच्या जत्रेला दोन दिवस इब्रामपूरला गेले होते, तेवढ्यात फिटरनं साच्यातली खाच पाडणारी कड घासून टाकली. पंधरा मिनिटांचं काम.

ते परत आले. नवा नमुना हातात घेतला, मानेवरून अंगठा फिरवला, माझ्याकडं बघितलं. मी वहीत डोकं घातलं. त्यांनी नमुना फडक्यात गुंडाळून ठेवला आणि आपल्या कामाला लागले. मला वाटलं, सुटले, कळलं नाही यांना. पण त्यानंतर ते जवळ आले की मी उठून दुसरीकडं जाई.

व्यापाऱ्याला नमुना दाखवायला आम्ही दोघांनी हरमलला जायचं ठरलं. दिवस वाईट होते. घटक राज्य होणार, त्याची भाषा कोंकणी की मराठी, यावरून गोव्यात रान पेटलं होतं. आज इथं रस्ता बंद, उद्या तिथं. सख्खे शेजारी एकमेकांशी कुठल्या भाषेत बोलावं म्हणून गप्प बसत. शेट म्हणाले, आज शांत आहे, जा. मेस्त फळ्या गोणपाटात गुंडाळून, मूठ घट्ट हातात धरून सकाळीच स्टँडवर उभे होते. त्यांच्या सदऱ्याच्या बाहीला काळी भुकटी लागलेली दिसली. मशेरी सांडली असेल म्हणून मी काही विचारलं नाही.

म्हापशाच्या वाटेवर एका जुन्या पुलापाशी बस थांबली. पुढं झाड आडवं, झाडापलीकडं पन्नाससाठ माणसं, हातांत दांडे. ड्रायव्हर म्हणाला, उतरा, चालत पलीकडं जा. लोक मान खाली घालून एकेक करून जाऊ लागले. आम्हीही निघालो. मेस्तांच्या हातात गोणपाटात गुंडाळलेलं ते सहा फुटी लांबट ओझं, आणि गोणपाट फाडून बाहेर आलेल्या दोन लोखंडी अण्या. अशा दिवशी! ते माझ्या डोक्यात पुलाच्या मध्यावर आलं.

"थांब रे! हातांत कितें तें?"

लाल बनियन घातलेला एक आडदांड तरुण पुढं आला. कुठल्या बाजूचे होते ते विचारू नका. दोन्ही बाजूंना आमचेच लोक होते, आणि त्या दिवशी मला दांड्यांशिवाय काही दिसत नव्हतं.

"बर्फार घसरपाच्यो फळयो," मेस्त म्हणाले.

कोणी तरी हसलं. मग हसू बंद झालं. "आमकां पिशे करता? गोंयांत बर्फ?" गर्दी जवळ आली. मागून आवाज आला, तलवारी असतील, बघा. मला काही बोलायचं होतं, पण कुठल्या भाषेत बोलावं तेच सुचेना. लाल बनियनवाल्यानं मेस्तांच्या हातातलं ओझं हिसकलं. हिसकताना त्याचा हात आपसूकच पट्ट्यातून आत गेला, कोणाचाही जावा तसा.

"मोडतलें," मेस्त पुटपुटले. भीती वाटली की तोंडातून हेच निघायचं त्यांच्या. "मोडतलें, मोडतलें..."

"म्हाका धमकी दिता?" तो भडकला. कठड्याशी गेला. कठडा गुडघ्याएवढा. खाली भरतीचं पाणी, आणि पाण्यातून वर आलेले आधीच्या पडलेल्या पुलाचे तुटके दगडी खांब.

मेस्त धावले. मी त्यांना कधी धावताना बघितलं नव्हतं. इतक्या दांड्यांमधून सरळ धावले. "हात काड! पयलीं हात काड रे, पुता! हात काड!"

त्यानं ऐकलं नाही. दोन्ही हातांनी ते ओझं त्यानं डोक्यावर घेतलं आणि खाली भिरकावलं.

मला त्या क्षणी एकच दिसलं, ब्लेड धरलेला माझा हात. मीच खरवडली होती. मूठ मोडणार नव्हती. पट्टा आवळणार होता. तो गेला, मी म्हटलं, मी मारला त्याला. आणि खरंच त्याचा हात ताठ झाला, खांदा पुढं ओढला गेला, एक पाय पुलावरून सुटला. मी डोळे मिटले.

कट्, असा आवाज आला. सुकी काठी मोडावी तेवढा लहान. मग बराच खाली, पाण्यात धप्प.

डोळे उघडले तेव्हा तो कठड्याच्या अलीकडं बसला होता, पाय पसरून, तोंड उघडं. मनगटात पट्टा, पट्ट्याला मुठीचा दांडा तेवढा. मेस्त त्याच्यासमोर उकिडवे बसले, पट्टा सैल केला, त्याचं मनगट दोन्ही हातांत घेऊन चोळत राहिले. तो मुलगा रडायला लागला. मेस्तही रडत होते. कोणी तरी पाणी आणलं. मग कोणी आम्हाला काही विचारलं नाही.

पुलाच्या अलीकडं परत आल्यावर त्यांनी तो तुकडा माझ्या हातावर ठेवला. जिथं मोडली होती तिथं मानेवर भोवताली खाच होती. साच्यातली गुळगुळीत नव्हती ती. कानशीनं घासलेली, ओबडधोबड, प्रत्येक घाव दिसत होता. बाहीवरची काळी भुकटी मला तेव्हा कळली.

"म्हाका पयल्याच दिसा कळ्ळें, बाय," ते म्हणाले.

"मग बोलला का नाहीत? शेटना घाबरलात?"

"शेटाक कित्याक भियेवं? तुका विचारलें आसतें जाल्यार तूं फट मारतलें आशिल्लें. ती आयकूंक भियेलों."

मी खोटं बोलेन, आणि ते ऐकायची त्यांना भीती वाटली. मी रस्त्यातच मटकन खाली बसले. बसमधले सगळे बघत होते, बघू देत म्हटलं.

नमुना दंगलीत गेला, एवढंच शेटना कळलं. नवा करायचा म्हणून नकाशा पुन्हा माझ्या टेबलावर आला. खरवडलेल्या जागी कागद पातळ झाला होता, शाई पसरत होती, तरी मी खाच परत काढली, दुप्पट ठसठशीत. लपवून नाही. सगळ्यांच्या देखत मेस्तांकडं घेऊन गेले. मावशी डोळ्यांपुढून हलत नव्हती.

"मेस्त," मी म्हटलं, "मोडेल. इथं मोडेल."

त्यांनी त्या रेघेवरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडचं पेन मागून घेतलं, आणि खालच्या त्या रिकाम्या चौकोनात, मध्येच थांबत, शाळेतल्या पोरासारखं एकेक अक्षर लावत, सही केली. शेटनी तो कागद हातात घेतला आणि कितीतरी वेळ त्या कोपऱ्याकडंच बघत राहिले. खाचेबद्दल विचारायचं त्यांना सुचलंच नाही, की सुचूनही त्यांनी विचारलं नाही, देव जाणे. मुठी तशाच गेल्या, खाचेसकट.

त्यांचं पूर्ण नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. चांगलं मोठं, आजोबा-पणजोबांना शोभेलसं नाव होतं. इथं लिहीत नाही. लिहिलेलं बघून ते घाबरले असते.